अक्कांची चार ओली फडकी

तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले निम्मे आता आठवतही नाहीत. धुराची ती साधी तक्रार मात्र डोक्यातून जात नाही, कारण तिच्यात चुकलो मी आणि सावरलं एका बिबड्या करणाऱ्या बाईनं.

धुळ्यात औद्योगिक वसाहतीलगतच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते. सकाळी नऊपर्यंत वस्तीवर धुरकं बसलेलं असायचं आणि पोरं खोकून बेजार व्हायची. एके दिवशी चाळीसेक सह्यांचा अर्ज आला. वस्तीच्या पश्चिमेचे भंगारवाले चाचा तांब्यासाठी केबल जाळतात, त्यांच्या गोदामाला सील ठोका, अशी मागणी. मी पाहणीला गेलो. जमीन तेलानं काळीकुट्ट. मला तेवढं पुरलं.

"केबल कुठे जाळता?" मी विचारलं.

"साहेब, जाळलेलं तांबं काळं पडतं, त्याला भाव कोण देणार? आम्ही पात्यानं सोलतो. हात बघा."

हातांवर पात्याचे जुने वण होते. मी ते पाहिले आणि सोडून दिले. चोरही गयावया करतो नि सावही, असा आमच्या खात्याचा ठोकताळा. त्यांना रोज चौकशीला बोलावून बाकावर बसवू लागलो आणि गोदाम सील करायचा प्रस्ताव लिहायला घेतला. साठीतल्या त्या माणसाचं घर त्याच गोदामावर चालत होतं, हे मला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी अक्का आल्या. त्याच वस्तीत राहायच्या, ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, करून विकायच्या. अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. हवालदारानं दारात अडवलं तर म्हणाल्या, "तू सरक. मनं काम साहेबसंगे शे."

टेबलावर त्यांनी चार फडकी पसरली. बिबड्या वाळवणाऱ्या बाईला वारा कळतो. बिबड्यांवर काळे ठिपके पडू लागले तशी त्यांनी आठवडाभर पहाटे गच्चीच्या चारी बाजूंना एकेक ओलं फडकं बांधून ठेवलं होतं. चाचांच्या बाजूचं, पश्चिमेचं फडकं जवळजवळ पांढरं होतं. पूर्वेचं काळं.

"चुल्हानी राख झटकी का पडी जास," अक्का म्हणाल्या. "हाई चिकटस. मनी नातना नाकमाईन बी हाईच निंघस. चाचानं गोदाम त्या बाजूले नही शे, साहेब. मी सही करी, चुकनी मी."

नातीला दम लागत होता. दुसरी कुणी असती तर आयता सापडलेला माणूस सोडला नसता. खरं सांगतो, मला त्या बाईपुढे लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो मी. चाचांना तिथल्या तिथे घरी पाठवलं आणि जीप पूर्वेला वळवली.

तिकडे टायरचं गोदाम म्हणून नोंद असलेली एक शेड होती. मालक बाहेरगावी, मागचा भाग कुलपात, आत त्या वेळी एकटा कामगार.

"मी नुसता रखवालदार, साहेब," तो म्हणाला.

आंघोळ केलेली, कपडे स्वच्छ, उत्तरं सरळ. घटकाभर विचारून काही हाती लागेना. मग अक्कांचं नातीच्या नाकाचं बोलणं आठवलं. मी माझा पांढरा हातरुमाल पुढे केला. "शिंकर."

रुमालावर काजळी उतरली. ती पाहून तो सगळं सांगून मोकळा झाला. जुने टायर तापवून तेल काढायचं काम चाले. भट्टी पहाटेच पेटवायची, म्हणजे धूर धुक्यात मिसळून जातो आणि संशय भलतीकडे जातो.

मालकाला सुगावा लागू न देता दुसऱ्या पहाटे प्रदूषण खात्याचे अधिकारी आणि पंच घेऊन छापा घातला. चालू भट्टी सापडली, पंचनामा केला, मालकावर गुन्हा दाखल केला. त्या अधिकाऱ्यांनी मला समजावलं की थंडीत जमिनीलगतची हवा वर उठत नाही, म्हणून धूर खालीच कोंडतो. फडक्यावर दिसते ती जाड काजळी. सर्वांत बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत आणि तेच फुप्फुसात खोल उतरतात. महामार्गावरचे ट्रक, रस्त्याची धूळ, पेटवलेला कचरा यांचाही धुरक्यात वाटा होताच. भट्टी बंद झाल्यावर ते विरळ झालं, पुरतं गेलं नाही.

त्याच आठवड्यात अक्का अर्जावर सह्या केलेल्या शेजाऱ्यांना घेऊन चाचांच्या गोदामावर गेल्या. बंदोबस्ताला मीही होतो. भर रस्त्यात त्यांनी हात जोडले. "चाचा, आमनी चूक व्हयनी."

चाचांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ बघितलं आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

माझ्या हातून शेकडो कबुल्या लिहिल्या गेल्या, पण कुणी न विचारता, स्वतःहून ठाण्याची पायरी चढून दिलेली कबुली मी एकच पाहिली, अक्कांची. त्या बाईची हिंमत माझ्यापेक्षा मोठी. मला वाटे, वर्दीनं माफी मागितली तर वर्दीचा धाक जातो. आता वर्दी नाही. चाचा, तुमच्या हातांवरचे वण मला त्याच दिवशी दिसले होते. चूक माझी होती.