मंडईची जाहिरात

नागपुरात मी पत्रकारिता आणि जनसंपर्क शिकत होतो. माझा स्वतःचा संपर्क म्हणाल तर खानावळवाल्याशी तेवढा होता, आणि तोही वाढताना बोलत नसे. अड्याळजवळच्या आमच्या खेड्यात आई एकटीच राहायची. वडील माझ्या लहानपणीच गेले, बहीण बपेऱ्याला दिलेली. आई तिकडे एकटी, मी इकडे एकटा, आणि मध्ये एसटीचे धक्के.

रेडिओवर हंगामी निवेदकाचं काम मिळालं तेव्हा वाटलं, आता आईला रोज भेटता येईल. काचेच्या खोलीत बसून शुद्ध मराठीत बाजारभाव आणि पुढच्या कार्यक्रमांची नावं वाचायची. समोर घड्याळ आणि लाल दिवा, माणूस कुणीच नाही. गावात शेजारच्या काकीकडे रेडिओ होता, आई तिथे जाऊन ऐकायची. सुट्टीत गेलो तेव्हा म्हणाली, "चांगला बोलते तो पोरगा. तुया नंबर कधी येते?" तो पोरगा मीच, हे तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

वर्गात जाहिरात शिकवणारे सर सांगायचे, पहिल्या चार शब्दांत माणसाची मान वळली पाहिजे. साकोलीच्या एका कापडदुकानदाराला मंडईसाठी जाहिरात हवी होती. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि बाहेरगावी गेलेला माणूस त्या दिवशी घरी येतोच. मी लिहिलं ते असं: पोरगा अंगणातून हाक मारतो, "ओ माय, आलो व मी." मग लुगड्यांची तारीफ. आवाजही मीच दिला, घरच्या बोलीत, घरी मारतो तशीच हाक. दुकानदार खूश झाला. कॅसेट त्याच्या जाहिरातीच्या जीपमध्ये लागली आणि माझी हाक भोंग्यातून धानाच्या बांध्यांवरून फिरू लागली.

त्या वर्षी मंडईला मीच गेलो नाही. कायमचे निवेदक आपापल्या घरी गेले, मग हंगाम्याला कसली सुट्टी. श्रोत्यांना सहकुटुंब आनंदात राहायला सांगितलं आणि खोलीवर येऊन पुडीतला चिवडा खाल्ला. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. निदान आवाज तरी गावात पोचला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तो पोचला होता. आमची मंडई उलटल्यावर रजा मिळाली. आजूबाजूच्या गावांच्या मंडया बाकी होत्या, म्हणून जीप अजून फिरतच होती. एसटीतून उतरलो तर वाटेत काकी भेटली.

"तुयी माय पाय धुवाले पाण्याचा गुंड घेऊन रस्त्यावर धावली ना बा," ती म्हणाली. "जीप पुढं चालली गेली. दुसऱ्या दिवशीबी धावली. लोक हासून राहिले, मंग नाही गेली."

सांगताना काकीही जरा हसली. मला तिचा राग आला, पण तिची काय चूक?

अंगणात शिरलो. दार उघडं होतं, आतून सुपाचा आवाज येत होता. "ओ माय, आलो व मी," मी हाक मारली. सूप चालूच राहिलं. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. तरी ते थांबलं नाही.

आत गेलो. ती पाठमोरी बसून धान पाखडत होती. मी समोर जाऊन बसलो, तेव्हा तिने मान वर केली आणि पाहतच राहिली.

"आयकू नाही आलं का व?"

"आलं ना," ती म्हणाली. "मले वाटलं, गाडीच फिरून राहिली."

मग सूप खाली ठेवून तिने माझं मनगट धरलं, चाचपून पाहिलं. पाणी आणायलाही ती उठली नाही. मी हाताशी बसलो होतो, तरी सोडलं तर मी जाईन अशी तिला भीती वाटत होती.