सारवलेली भेग

धनसरी आले हिच्या अंगणावर माशी बसली तरी घसरेल, असं आमच्या साल्मेडाँडा या डोंगरावरच्या गावात म्हणत. भूकंपात घर पडलं तेव्हा तिने पत्र्याचं खोपट उभारलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्यापुढे लाल माती नि शेणाचं सारवण घातलं. त्याच अंगणातून भूकंपाची भेग गेली होती. हात घातला तर खांद्यापर्यंत आत जाई.

मग दरडींचा नकाशा करणारी माणसं येणार असं कळलं. नकाशात घराला लाल टिंब पडलं तर खाली नदीकाठी सपाट जमीन मिळणार. हिरवं पडलं तर आहात तिथेच सुखाने नांदा. धनसरीला लालच हवं होतं. तिच्या दोन्ही मुली त्या भेगेपासून हातभर अंतरावर झोपत.

पण पाहुणे येणार म्हटल्यावर तिने आईने शिकवलं तेच केलं. पहाटे भेग दगडमातीने भरली आणि वरून सारवलं.

दीर मनबीर कपाळावर हात मारून म्हणाला, "वहिनी, अहो तीच तर दाखवायची होती!"

"सांगीन की तोंडाने. शहरातली माणसं, पाय कुठे ठेवतील ती?"

नकाशावाले पौडेल सर बूट काढूनच अंगणात आले. भाजलेला मका खाल्ला, ताक दोनदा मागून घेतलं. धनसरीने बोट दाखवून भेग सांगितली.

"दिदी, एवढं सुरेख अंगण अख्ख्या जिल्ह्यात नाही हो," सर म्हणाले आणि त्यांनी हिरवं टिंब दिलं. मनबीरच्या अंगणात केरसुणी कधी फिरलीच नव्हती. तिथल्या भेगा दुरूनही दिसत. त्याला लाल मिळालं.

धनसरी कचेरीत गेली. "भेग दिसली तर पुन्हा बघू," असं उत्तर मिळालं. तिने घरी येऊन कुदळीने सारवण उखडलं, भरलेली माती उपसली आणि भेग उघडी ठेवली.

सामान हलवता हलवता मनबीर ओरडला, "पाऊस तोंडावर आलाय, बुजवा ती! पाणी आत मुरेल."

"बुजवली तेव्हा काय झालं ते बघितलंस ना?"

असारातला, म्हणजे आषाढातला, पाऊस सरांच्या आधी आला. मुली शाळेत होत्या, धनसरी रोपं लावायला गेली होती, म्हैस दावणीला होती. संध्याकाळी अंगण, खोपट आणि म्हैस नदीत होती.

पौडेल सर आले. कड्याच्या काठाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथे भेग असणार."

आता तिथे लाल टिंब आहे. धनसरीला जमीन मिळाली, मनबीरच्या शेजारीच. परवा मी, तिच्या मुलींचा मास्तर, गेलो तर दारात कोंबड्यांची घाण, खड्डे, चिखल.

"वहिनी, मास्तर आलेत, निदान झाडून तरी घ्या," मनबीर म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. "येणाऱ्याला जमीन दिसू दे."