दहा निळी पिंपं

अविनाश, तुझ्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात तुझ्यावर लिही म्हणून आपल्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाने मला गळ घातली आहे. ‘आठवणी हव्यात, हलक्याफुलक्या,’ असं मंडळाच्या निनादने फोनवर बजावलंही. हलक्याफुलक्या बाकीचे लिहितील. त्यांना तुझ्याबरोबर नेऱ्याला यावं लागलं नव्हतं. पुढे मी तुला अविनाश म्हणणार आहे आणि स्वतःला कुमुद, कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तशी. समोरासमोर बोलायला गेलं की तू वाक्य पुरं होऊ देत नाहीस. या वेळी होऊ दे.

तर अविनाश आणि कुमुद बी.एस्सी.ला एका वर्गात होते. पुढे तो भौतिकशास्त्राच्या संशोधनात गेला, ती कॉलेजात गणित शिकवत राहिली, आणि निवृत्त झाल्यावर दोघं पनवेलला एकाच कॉलनीत येऊन पडले. तेव्हापासून अविनाशने एकच धंदा केला. कुणी काही म्हटलं की विचारायचं, “पुरावा?” कॉलनीच्या टाकीला लोहचुंबक बांधून पाणी ‘ऊर्जित’ करणाऱ्याला त्याने दोन ग्लास समोर ठेवून ओळखायला लावलं. तो माणूस नळाचं पाणी प्यायला आणि ऊर्जा आली म्हणाला. एका ज्योतिष्याला बकरीच्या करडाची जन्मवेळ देऊन पत्रिका करून आणली. पत्रिकेत परदेशगमन होतं. कुमुद हसून हसून बेजार झाली होती. ते करडू बकरी ईदला कापलं गेलं, हेही अविनाशने ज्योतिष्याला चारचौघांत सांगितलं. त्यालाही ती हसली होती.

मग पनवेलजवळच्या नेरे गावाचं प्रकरण आलं. सत्यजीत नावाच्या मुंबईच्या माणसाने तिथे फार्महाऊस बांधायला काढलं होतं. बोअर कुठे मारायची ते बघायला त्याने गावातल्या पदाजी भोईरला बोलावलं. पदाजी पाणाड्या, सत्तरी ओलांडलेला. आडव्या तळहातावर नारळ निजवून रानात चालायचा. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणायचा. पैसे घेत नसे. घेतले की हात मरतो, अशी त्याची समजूत. त्याबदल्यात गावाने त्याला एक मान दिला होता. शिमग्याला होळी पेटली की पहिला नारळ पदाजीचा, मग बाकी गावाचे. एवढीच त्याची कमाई.

सत्यजीतने अविनाशला हे कौतुकाने सांगितलं आणि अविनाशचे डोळे चमकले.

चाचणी त्याने चोख आखली, हे कुमुद आजही नाकारत नाही. फार्महाऊसच्या अंगणात दहा निळी पिंपं, प्रत्येकावर झाकण आणि झाकणावर गोणपाट. कुमुदने एकटीने नाणं उडवायचं, छापा आला तर पिंप भरायचं, काटा आला तर रिकामं ठेवायचं, आणि मागच्या शेडमध्ये जाऊन बसायचं, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरूनही कुणाला कळायला नको. खुद्द अविनाशलाही माहीत नसणार. निनाद फोनवर चित्रण करणार.

“पिंपातलं पाणी कळतं का पण?” अविनाशने आधीच विचारून घेतलं. “नंतर तक्रार नको.”

“पानी ते पानी, सायेब,” पदाजी म्हणाला. “खाली आसो नाय तर पिंपात आसो.”

पहिल्या फेरीत झाकणं उघडी होती. पदाजी एकेका पिंपापाशी गेला आणि भरलेल्या प्रत्येक पिंपापाशी नारळ ताठ उभा राहिला. जमलेल्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पदाजी लाजला. “आमच्याकरं हे नेहमीचाच हाय,” असं काहीतरी पुटपुटला.

मग कुमुदने पाणी ओतून टाकलं, नव्याने नाणं उडवलं, झाकणं लावली आणि ती शेडमध्ये गेली.

पदाजीची फेरी संपल्यावर तिला बोलावणं आलं. झाकणं उघडत गेली. दहातली चार बरोबर. दोन ठणठणीत रिकाम्या पिंपांवर नारळ उभा राहिला होता आणि तिथे तो सर्वांत जोरात उभा राहिला होता, असं पदाजीच सांगत होता. तो पुन्हा पुन्हा पिंपात वाकून बघायचा, हात घालून तळ चाचपायचा. कुमुदने आयुष्यभर परीक्षेत कॉपी करणारे पकडले होते. पकडला गेलेला माणूस इकडेतिकडे बघतो. हा माणूस फक्त पिंपात बघत होता.

“नाणं उडवून सांगितलं असतंत तर पाच आली असती,” अविनाश म्हणाला. “तुमच्यापेक्षा नाणं हुशार निघालं, पदाजी. आता तो नारळ सुनेला द्या, चटणीला तरी होईल.”

मघाशी टाळ्या वाजवणारेच आता फिदीफिदी हसत होते.

दुसऱ्या दिवशी निनादने चित्रफीत इंटरनेटवर चढवली: ‘नेऱ्याच्या भोंदूची पोलखोल’. आठवड्याभरात ती न्हावा शेव्याच्या गोदीतल्या ड्रायव्हरांपासून जासईच्या पानटपरीपर्यंत पोचली. नेऱ्यातली पोरं पदाजीच्या दारात नारळाच्या करवंट्या टाकू लागली. गावच्या बैठकीत ठरलं की भोंदूच्या हातचा नारळ होळीला चालणार नाही.

शिमगा आठवड्यावर आला तेव्हा पदाजी कॉलनीत आला. कुमुद तेव्हा अविनाशकडेच होती. म्हातारा सोफ्यावर बसेना, दाराशीच उभा.

“सायेब, मी हरलो,” तो म्हणाला. “नारल उभा ऱ्हातो तो पान्याने नाय, बरोबर. मंग कशाने ऱ्हातो?”

“तुमच्या बोटांनी. स्नायू हलतात. तुम्हाला कळत नाही इतकंच.”

“मना कलत नाय?”

“नाही. कुणालाच कळत नाही. शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय ते.”

पदाजीने बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघितलं. “मंग मी कुनाला फसवला नाय.”

“तसं नाही म्हणता येणार,” असं अविनाश म्हणू लागला, पण कुमुद मध्ये पडली. “तसंच म्हणता येतं. तूच आत्ता म्हणालास.”

“येवढाच गावात येऊन सांगा, सायेब. होलीच्या आदी. पदाजी चुकला, पन पदाजीने फसवला नाय. मान नाय दिला तरी चालंल.”

“बघतो,” अविनाश म्हणाला. “येतो.”

म्हातारा गेल्यावर कुमुदने दार लावलं. “उद्या जाऊ. रिक्षा मी सांगते.”

“तू जरा थंड हो. मी असं गावात जाऊन बोललो ना, तर उद्या प्रत्येक बुवा म्हणेल, मीही नकळतच केलं. चळवळीचं काय?”

“चळवळ गेली खड्ड्यात. भोंदू म्हणजे जाणूनबुजून फसवणारा. तो जाणूनबुजून करत होता, याला पुरावा?”

“कुमुद, पन्नास हजार लोकांनी बघितलाय तो व्हिडिओ.”

“म्हणजे पुरावा नाही.”

“मथळा निनादचा आहे, माझा नाही.”

“मग बदलायला सांग.”

“आता बदलला तर चाचणीच चुकली असं वाटेल लोकांना.” त्याने चष्मा पुसला. तो पुसायला लागला की संभाषण संपलं, हे कुमुदला वर्गातल्या दिवसांपासून माहीत होतं. “होळीच्या दिवशी सकाळी जाऊ. नक्की.”

होळीच्या सकाळी एका वाहिनीवाल्यांनी त्याची घरीच मुलाखत ठरवली. तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. खाली रिक्षा उभी. कुमुद दोनदा वर जाऊन आली, दुसऱ्यांदा कॅमेऱ्याच्या दिव्यांत बसलेल्या अविनाशने तिला हातानेच गप्प केलं. तिने रिक्षा परत पाठवली. एकटी जायचं तिच्या मनात आलं होतं. पण गाव तिचं ऐकणार नव्हतं. साहेबाने पाडलेला माणूस साहेबानेच उचलायला हवा होता.

पुढचं तिला मालूकडून कळलं. मालू पदाजीची सून, पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा घेऊन बसते.

“या बाई, या,” कुमुदला बघताच मालू म्हणाली. “तुमचा सायेब बरा हाय ना? टीवीवर दिसला. गोरा दिसतो.”

“मामंजी कसे आहेत?”

“आमचा म्हातारा? होलीला दिवसभर फाट्याव उभा. सायेब येनार, सायेब येनार. धोतर काय, टोपी काय. तिन्हीसांजंला पोरांनी नारल फेकून मारला, कपालाव लागला, तवा घरी आला.” तिने शेंगा मापात ओतल्या. “आता उजवा हात फडक्यात बांदून ठेवतो. जेवतो बी डाव्या हाताने. मनतो, ह्यो हात माजा नाय, ह्यो माज्याशी खोटा बोलला. बायकांमदी मी काय सांगू? माजा सासरा हाताशी भांडतो?”

कुमुद शेंगा तिथेच विसरून घरी आली आणि पायऱ्या चढून थेट अविनाशकडे गेली. सगळं सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं, पुढे सरकून बसला.

“हात माझा नाही म्हणतो? असं शब्दशः म्हणतो?”

“हो.”

“विलक्षण आहे. निनादला घेऊन जायला हवं. हे चित्रित झालं पाहिजे.”

कुमुदने आजवर त्याच्यावर हात उगारला नव्हता. तेव्हाही उगारला नाही. “निनाद येणार नाही. फोन येणार नाही. तू आणि मी. तू चावडीवर ते एक वाक्य बोलायचं, मग त्याच्या घरी जाऊन त्याच्या हाताचं फडकं सोडायचं. बस.”

“बरं बाई, रविवारी जाऊ.”

त्या रविवारी त्याचं ठाण्याला व्याख्यान होतं. त्याच्या पुढच्या रविवारी ऊन फार होतं. नंतर गौरव समितीच्या बैठका सुरू झाल्या, आणि कुमुदने विचारलं की तो म्हणायचा, “अगं आहे लक्षात, रिक्षा तू सांगून ठेव.” कुमुद सांगून ठेवायची. रिक्षावाल्याने आता तिचा फोन उचलायचं सोडलं आहे. मालू म्हणते, म्हाताऱ्याचा हात फडक्यातच वाळत चालला आहे. नेरे पनवेलपासून असं कितीसं लांब, पण ती दोघं अजून तिकडे गेलेली नाहीत.