बांगड्यांच्या कागदातला लेखक

आमचं शेत तलावाच्या पाण्याच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. वरच्यांच्या शेतातल्या बांध्या भरून उरलं तर पाणी आमच्या धानाला, नाहीतर नाही. उन्हाळ्यात दोन्ही वेळा पेजच. पण दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की माझा बाप दंडारीच्या खेळात लुगडं नेसून नाचायचा. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेतात. बाबांचं सोंग पाहायला आजूबाजूच्या पाच गावांचे लोक यायचे.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. बाबांनी सोंगासाठी गोरेगावच्या बाजारातून बांगड्या आणल्या. कासाराने त्या कुठल्याशा परदेशी मासिकाच्या गुळगुळीत पानात बांधून दिल्या होत्या. पानावर एका गोऱ्या माणसाचा फोटो होता. कोचावर आडवा पडलेला, अंगात फुलाफुलांची बंडी, गळ्यात रेशमी रुमाल, बोटांत लांब नळीची सिगारेट.

मी नुकतंच इंग्रजी शिकू लागलो होतो. मोठ्या अक्षरांतले दोन-चार शब्द लागले.

"बाबा, हा अमेरिकेतला मोठा लेखक आहे."

"लिवणारा असा नटते काऊन? आपला पटवारी बी दिवसभर लिवते."

"पटवाऱ्याले पाहाले कोण जाते?" आई चुलीपासून म्हणाली. "नटल्याबिगर तुमाले तरी कोण पाह्यलं असतं?"

बाबा हसले. मग पान दाराच्या उजेडाकडे धरून म्हणाले, "याले लोक हासत असतील का गा?"

खालचा बारीक मजकूर मला वाचता येत नव्हता. "नाई," मी ठोकून दिलं.

पुढे मी गोंदियाला हायस्कुलात गेलो. तिथे पोरांना कळलं. "अरे, इसका बाप तो औरत बनता है," म्हणत वर्गात कंबर हलवून दाखवायचे. दिवाळीला घरी आलो तेव्हा मी बाबांना सांगितलं, आता नाचू नका. त्यांनी काऊन म्हणून विचारलं नाही. बांगड्या काकूला देऊन टाकल्या.

नागपूरच्या कॉलेजात वाचनालयात अमेरिकन मासिकं यायची. तिथे तो माणूस मला पुन्हा भेटला. कधी मेजवानीत, कधी जहाजावर, कधी रेडिओवर. त्याच्या बायकी आवाजाची टिंगल छापून यायची, आणि पुढच्या फोटोत त्याचा रुमाल आणखी लांब झालेला असायचा. मी त्याचं पुस्तक डिक्शनरी घेऊन तीन महिने वाचलं. त्यात कोच नव्हता, रुमाल नव्हता. एका लहान गावातल्या माणसांचं बोलणं होतं, हुबेहूब. वाचता वाचता मंडईत गिरकी घेणारा बाप दिसायला लागला. तो नाच पुन्हा पाहावा असं इतकं वाटलं, की सुट्टीची वाट न पाहता मी गाडी धरली.

बाबा अंगणात बैलाचं दावं वळत बसले होते.

"बाबा, त्या लेखकाचं मी खोटं सांगितलं होतं. त्याले लोक पोट धरून हासतेत."

"मंग?"

"मंग काई नाई. तो तसाच नटते, अन् लिवते. तुमी बी यंदा नाचा."

त्यांनी दाव्याला पीळ दिला.

"त्याले शाळेत जाणारा पोरगा नसंल," ते म्हणाले.

त्या साली नाही, पुढेही कधी नाही. बाबा पुन्हा नाचले नाहीत. दोन वर्षांनी मी बी.ए. पास झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी मिळवणारा मी पहिला.