समोरचं शेत रिकामं होतं

केशवदादा गेल्याचं वहिनीला मीच सांगितलं, कारण विमान पडलं तेव्हा मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. पाच आठवडे झाले. तेव्हापासून देवळात, बाजारात, सांत्र द फ्लाक गावाच्या बसमध्ये एकच गोष्ट कानावर येते : समोर उसात मजूर होते, त्यांना वाचवायला केशवनं विमान वळवलं. ऐकून माझं डोकं फिरतं. तो रविवार होता. उसात चिटपाखरू नव्हतं.

माझा हा थोरला भाऊ साखर कारखान्यात फिटर. सत्तरचं दशक संपता संपता त्यानं टपालानं परदेशातून आराखडे मागवले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका माणसापुरतं विमान बांधायला घेतलं. लाकडी सांगाडा, जुन्या मोटारीचं इंजिन. मी शिवणकाम करते, म्हणून पंखांवरचं कापड माझ्याकडे आलं. एकदा टाके जरा मोठे पडले, तर त्यानं सबंध पंख उसवायला लावला. "बाय, हा झगा नाही," म्हणाला. सहा वर्षं असा काटेकोर वागलेला माणूस... म्हणूनच राग जात नाही.

जमिनीवर चालवून बघताना तापलेलं इंजिन दोनदा बंद पडलं होतं. पेट्रोलची नळी धूर सोडणाऱ्या नळकांड्याला लागून जाते, तापते आणि आत वाफ धरून पेट्रोल अडतं, हे त्यानंच शोधून काढलं. नळी दुसरीकडून घ्यायची होती. मी आठवण केली, तर आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत म्हणाला, "पा त्राकासे." काळजी नको. "सकाळी हवा गार असते. पुढच्या हप्त्यात करतो."

त्या सकाळी विमान उठलं, नारळीच्या शेंड्यांवर गेलं, आणि इंजिन खोकून गप्प झालं. अशा वेळी काय करायचं, हे तो जेवताना ताटात बोटानं रेघ ओढून आम्हाला सांगायचा : मागं वळायचं नाही, तेवढी उंची नसते. नाक खाली घालून समोर असेल त्यात उतरायचं. विमान मोडेल, माणूस राहील. समोर डोक्याएवढा ऊस होता. आणि दादा पट्टीकडे वळला. अर्ध्या वळणातच एक पंख झुकला... मी "समोर, दादा, समोर" म्हणत राहिले. सहा वर्षांचं काम त्याला उसात घालवेना, एवढंच मला कळतं.

शोकसभेत आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मजुरांची गोष्ट सांगितली, तेव्हा मी उठले. "काका, शेत रिकामं होतं."

"पोरी, लोकांना तेवढाच धीर," ते खाली बघत म्हणाले.

घरी आल्यावर वहिनीनं मला दारातच अडवलं. म्हणाली, "कुणाला वाचवलं नाही, तर हे गेले कशासाठी?"

गेल्या शनिवारी मोका गावाहून एक गृहस्थ आराखडे मागायला आले. कचेरीत कारकून, त्यांनाही विमान बांधायचं होतं. वहिनी उठून आत गेली. मला वाटलं, आता यांना वाटेला लावणार. ती शेडची किल्ली घेऊन आली. "यांना सगळं सांग," मला म्हणाली. "नळीचं पण. शेताचं पण."

मी सांगितलं. गृहस्थांनी विचारलं, "माहीत असून वळले?"

"माहीत असून," वहिनीच म्हणाली.

शेड उघडली, तर आत कोंदट झालं होतं. लाकडाचा भुसा आणि सरस यांचा वास भरून राहिला होता, दादाच्या कपड्यांना यायचा तोच. मी खिडकीच्या कडीला हात घातला.

"नको उघडू," वहिनी म्हणाली. "वास जाईल."