शेरवानीचा वास
काल सुनेनं फोडलेलं एक अंडं नासकं निघालं आणि त्या वासासरशी मला कॉलेजात गणवेश म्हणून रोज घालायची माझी काळी शेरवानी आठवली. हैदराबादेत मी बी.एस्सी.ला होतो. क्षारात कोणता धातू आहे ते ओळखायला प्रयोगशाळेत आम्ही गंधकापासून निघणारा एक वायू वापरायचो. त्याला हुबेहूब नासक्या अंड्याचा वास, आणि तो शेरवानीत मुरून राहायचा. सगळं शिकणं उर्दूतून, वर्गात आपल्याकडचं कुणी नाही, त्यामुळं सुट्टी लागली की मी धावतच जालन्याची गाडी गाठायचो. त्या दिवाळीला भोकरदनला घरी पोचलो, तर गळ्यात तुळशीची माळ घातलेली माय जवळ आली आणि शेरवानीचा वास येताच मागं सरली. "अंडी खाऊन राह्यला का रे तिथं?" मी म्हणालो, "न्हाई माय, गंधकाचा वास हाय हा." "गंधक मला शिकवतो का? खरजेला लावतेच की आपण. त्याचा असा वास बिलकुल येत न्हाई." तिचं बराबर होतं, आणि माझंही. ती सगळी सुट्टी माझं ताट ओसरीवर वाढलं गेलं. आत चुलीपाशी बाकीचे जेवताना हसायचे, ते मला भिंतीआडून ऐकू यायचं. निघायच्या दिवशी तिनं शेरवानीची घडी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "खावंच लागत असंल तर खा बाबा, पण उपाशी राहू नको." आता घरात सगळेच अंडी खातात, मलाही आग्रह करतात. मायनं दिलेली ती परवानगी मी अजून वापरलेली नाही.