मामांची नदी आणि कोटाची बटणं

आमच्या मामांनी युद्धात, गोळ्यांचा पाऊस पडत असताना, जखमी कप्तानाला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती. म्हणजे असं तेच सांगत. मी लहान होते तेव्हा नदी गुडघाभर होती, माझं लग्न होईतो ती गळ्याशी आली.

खरं काय ते मला आईनं सांगितलं होतं. युद्धभर मामा सैन्याच्या शिवणखात्यात बसून गणवेश शिवत होते. पण मामींच्या वडिलांनी या नदीवर भाळूनच मुलगी दिलेली, त्यामुळे मामींच्या कानावर हे जाऊ नये म्हणून मामांनी आईला शपथ घातली होती. चाळीस वर्षांच्या संसारात काडी घालायची मलाही हौस नव्हती.

मग सिनेमावाले आले. त्यांना मामांच्या पराक्रमावर चित्रपट काढायचा होता. कानावर हात ठेवायचे सोडून मामांनी छाती फुगवली. असा संताप आला मला, काही विचारू नका.

चित्रीकरणाला मामा, मामी आणि मला पुढच्या खुर्च्या दिल्या. नायकानं कप्तानाला पाठीवर घेतलं मात्र, त्याच्या कोटाची बटणं तटातट तुटून उडाली.

"थांबवा हे," मामा उठलेच. "दोन टाक्यांत बटण लावतात का कुणी? दिवसाला वीस कोट हातावेगळे करायचो मी, तीन वर्षं. एक बटण तुटल्याची तक्रार आली नाही."

दिग्दर्शकानं हळूच विचारलं, "मग नदी कधी ओलांडलीत?"

मामा मटकन खाली बसले. मामींकडे बघायची त्यांची छाती होईना. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू.

मामी म्हणाल्या, "पहिल्यांदा घरी आलात तेव्हाच तुमची बोटं बघितली होती मी. सुईनं चाळण झालेली."

"मग हो का म्हणालीस?"

"बाबांना जावई शूर हवा होता. मला संध्याकाळी घरी येणारा हवा होता."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही रंगवून सांगायचात. पुढं काय होतंय ते मलाही ऐकायचं असायचं."

मामांना त्याच दुपारी कपडेपटात काम मिळालं. बटणं लावता लावता त्यांनी नदीची गोष्ट पुन्हा सुरू केली, आणि मामी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत ऐकत होत्या.